जप्त शेवाळाची विल्हेवाट

प्रमाणित करण्यात येते की श्री. सहदेव लवू घाडीगावकर, वय वर्षे एकोणसत्तर, मूळ गाव तालुका देवगड, हल्ली मुक्काम गव्हाणपाडा, मुलुंड पूर्व, दुसरा मजला, हे मरोळच्या औद्योगिक वसाहतीतील एका बिस्किट कारखान्यातून 'सहायक तपासनीस (पॅकिंग)' या पदावरून रीतसर निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. उंची मध्यम. बांधा सुका. डोळे दोन, पैकी डाव्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, उजवा मूळचाच. ओळखीची खूण: कोणतीही वस्तू हातात आली की प्रथम ती उलटी करून पाहणे. सेवेच्या तेहतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एकही सदोष पुडा पुढे सरकला नाही, असे सेवापुस्तकात नमूद आहे. चारित्र्य चांगले. स्वभाव: दक्ष.

'दक्ष' हा शब्द कारखान्याच्या मॅनेजरचा. घरात त्याला दुसरा शब्द आहे, पण तो सेवापुस्तकात लिहिण्याजोगा नाही.

दुधाची पिशवी आली की सहदेव तिचे चारही कोपरे दाबून पाहत. सोललेले मटार पाण्यात घालून हिरवा रंग सुटतो का याची वाट बघत. कलिंगडवाल्याशी त्यांचं गेल्या सात उन्हाळ्यांपासून बोलणं नव्हतं. घरच्यांना याचं काही वाटेनासं झालं होतं. मुलगा सुयोग आणि सून श्रुतिका दोघंही सकाळी आठला कामावर जायची ती अंधार पडल्यावर यायची, त्यामुळे तपासणी झालेलं अन्न त्यांच्या ताटात आयतं पडायचं आणि तक्रारीला जागा नव्हती.

एका बाबतीत मात्र या दक्षतेला खरंच कारण होतं. बायको रुक्मिणी. तिला नऊ वर्षं थायरॉइडची गोळी चालू होती, पन्नासची. त्यात तीन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसला. तेव्हापासून रुक्मिणीचं औषध हा सहदेवांचा विभाग. सकाळी सहाला ते स्ट्रिप उजेडात धरून तारीख वाचत, बॅच नंबर वाचत, आणि मगच गोळी तिच्या तळहातावर ठेवत. रुक्मिणी म्हणायची, "वाचून झाला काय? की दुपारच्याक गिळू?"

तर अशा घरात जूनच्या एका संध्याकाळी काळा कागद खाण्याचा प्रकार सुरू झाला.

खाणारी जान्हवी. सुयोगची मुलगी, वय एकोणीस, अंधेरीला कॉलेजात. ती सोफ्यावर मांडी घालून मोबाइल बघत होती आणि एका छोट्या पुडीतून काळपट हिरवे, पातळ, चौकोनी तुकडे काढून तोंडात टाकत होती. कुरकुर असा आवाज येत होता. सहदेव समोर येऊन उभे राहिले.

"काय खातेस गं?"

"सीवीड."

"म्हणजे?"

"शेवाळ, आजोबा. समुद्राचं. कोरियाचं आहे. एकदम हेल्दी."

सहदेवांचा जन्म समुद्राकाठचा. शेवाळ म्हणजे काय हे त्यांना कोरियाने सांगायची गरज नव्हती. नवव्या वर्षी खडपावरच्या शेवाळावरून पाय घसरून त्यांचा पुढचा दात गेला होता. शेवाळाकडे बघायचं ते पाय टाकण्याआधी, खाण्याआधी नव्हे, एवढी अक्कल त्या दाताच्या बदल्यात आली होती.

"दे इकडे."

"अहो, खाऊन तरी बघा!"

"आधी दे."

त्यांनी पुडी उलटी केली. मागे कोरियन अक्षरं होती आणि त्या अक्षरांवर इथल्या आयात करणाऱ्याचं पांढरं स्टिकर चिकटवलेलं. सहदेवांच्या भुवया वर गेल्या. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एक गोष्ट पाहिली होती: छापील मजकुरावर स्टिकर लावतात ते खालचा मजकूर वाचू नये म्हणून. त्यांनी नखाने स्टिकरचा कोपरा उचलला. खाली कोरियन निघालं. ते त्यांना वाचता आलं नाही, त्यामुळे संशय फिटला तर नाहीच, वाढला.

मग पुडीच्या तळाशी हात घातला तर एक चिमुकलं पांढरं पाकीट निघालं. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं: खाऊ नका.

"हे काय?"

"ते सिलिका जेल असतं, आजोबा. दमट होऊ नये म्हणून. तुमच्या बिस्किटांत नव्हतं का?"

"आमच्या बिस्किटात बिस्किट होतं. खायच्या पुडीत 'खाऊ नका' घालून विकायची वेळ आमच्या मालकावर आली नाही."

शेवटी वास. त्यांनी पुडी नाकाशी नेली आणि झटकन मागे घेतली. सुक्या माशाचा वास. आणि त्याच पुडीवर शाकाहाराचा हिरवा ठिपका! इथे मात्र सहदेवांची खात्री पटली. ठिपका एक सांगतो, नाक दुसरंच सांगतं. दोघांपैकी एक खोटं बोलतंय आणि नाक तर घरचं आहे.

"हे घरात चालणार नाही," ते म्हणाले.

"आजोबा, यार, तुम्ही तो खारा बांगडा खाता. उघड्यावर वाळवलेला. त्यावर माश्या बसतात, कावळे फिरतात. आणि हे सीलबंद आहे तर तुम्हाला प्रॉब्लेम!"

"बांगड्यावर बसलेली माशी दिसते तरी. यात काय बसलंय ते कोण सांगणार? आं?"

आणि पुडी जप्त झाली.

कारखान्यात जप्तीची एक पद्धत होती. सदोष पुडा दिसला की तपासनिसाने तो लाल क्रेटमध्ये टाकायचा. क्रेट भरलं की दुसऱ्या विभागाची माणसं येऊन घेऊन जात. पुढे त्याचं काय होतं, ते जाळतात की पुरतात की गुरांना घालतात, हे तपासनिसाने विचारायचं नसे. विल्हेवाट हा वेगळा विभाग. सहदेवांनी तीच शिस्त घरात आणली. पुडी घेऊन ते स्वयंपाकघरात गेले आणि रुक्मिणीच्या हातात ठेवून म्हणाले, "ह्यां टाकून दी."

"बरां," रुक्मिणी म्हणाली आणि कांदा चिरत राहिली.

जान्हवी काही गप्प बसणारी पोर नव्हती. ती आणत राहिली, सहदेव पकडत राहिले. कधी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात, कधी पुस्तकांच्या मागे, एकदा तर छत्रीत. पकडलेली पुडी उघडायची, हुंगायची, 'खाऊ नका'चं पाकीट वेगळं काढून त्याकडे जळजळीत बघायचं, आणि माल रुक्मिणीच्या स्वाधीन करायचा. आठवड्यातून दोन-तीन वेळा हे होई. तारखेसह पुडीची नोंद ते कॅलेंडरवरच्या चौकोनात 'शे.' अशी करत. गॅसचा सिलिंडर लागल्याची तारीखही तिथेच असायची, त्यामुळे कुणाला त्यात वावगं दिसलं नाही.

"आजोबा, तुम्ही माझा खाऊ फेकून देता, हे पाप आहे माहितीये ना?" जान्हवी चिडून म्हणायची.

"पाप माझ्या डोक्यावर. पोट तुझं वाचलं."

"गूगल करा. जपानमध्ये लोक रोज खातात. शंभर वर्षं जगतात."

"जपानात भूकंप पण रोज होतो."

मग श्रावण लागला. घाडीगावकरांच्या घरी श्रावणापासून गणपती विसर्जनापर्यंत मासे बंद. अंडंही नाही. सहदेवांना याचा फारसा त्रास नव्हता. एरवीही निम्मे मासे ते संशयावरून परत पाठवत. रुक्मिणीचं मात्र दरवर्षी या दीड महिन्यात जेवणावरून मन उडायचं. यंदा तसं झालं नाही. ती सकाळी पेज निवांत जेवत होती, कुरकुर नाही, 'कधी एकदाचो संपता ह्यो श्रावण' नाही. सहदेवांनी याची नोंद घ्यायला हवी होती. पण त्यांचं लक्ष जान्हवीच्या बॅगेकडे होतं.

लक्ष गेलं ते गणपती झाल्यावर. रुक्मिणी दुपारी बसल्या जागी पेंगू लागली. डोळ्यांखाली सूज दिसायला लागली. आवाज घोगरा झाला. पंखा लावला की म्हणायची, "बंद करा, हीव लागता." सप्टेंबरात, मुलुंडमध्ये! एकदा भाजीची पिशवी घेऊन दोन जिने चढताना मधल्या वळणावर पायरीवर बसली आणि दहा मिनिटं उठली नाही. शेजारणीने येऊन सांगितलं तेव्हा सहदेव चप्पल न घालता खाली धावले.

रक्त तपासलं. चैत्रात जो टीएसएचचा आकडा तीनच्या आसपास होता तो एकोणीस झाला होता.

डॉक्टर प्रांजल सामंत तरुण होती, पण रिपोर्ट उलटा करून मागची बाजूही बघायची, म्हणून सहदेवांचा तिच्यावर थोडा विश्वास होता. ती म्हणाली, "काका, हा आकडा वर गेला म्हणजे थायरॉइडचं काम एकदम खाली गेलंय. सरळ हिशेबाने मी गोळी वाढवली असती. पण काकूंना स्टेंट आहे. गोळी वाढवली की हृदयाला जास्त पळावं लागतं, त्याची मला भीती वाटते. नऊ वर्षं सगळं ठीक होतं, मग दोन-तीन महिन्यांत असं काय झालं? घरात काही बदललंय का ते शोधा. औषध, खाणं, काहीही. आठ दिवसांनी या. काही सापडलं नाही तर गोळी वाढवावी लागेल, आणि मग हृदयावर लक्ष ठेवत बसावं लागेल."

सहदेव क्लिनिकमधून बाहेर पडले तेव्हा त्यांची पाठ ताठ झाली होती. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना काम दिलं होतं. पण रिक्षात बसल्यावर रुक्मिणीने डोकं मागे टेकून डोळे मिटले, तेव्हा त्यांनी बोटांवर दिवस मोजले. कारण आठ दिवसांत सापडायला हवं होतं.

पहिला संशय गोळीवर. त्यांनी गेल्या चार महिन्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा काढल्या (त्या त्यांनी ठेवल्याच होत्या) आणि औषधवाल्याकडे नेल्या. "या खऱ्या कशावरून?" असं त्यांनी विचारलं. औषधवाला त्यांना वीस वर्षं ओळखत होता. त्याने हात जोडले. सहदेवांनी तरीही पुढची स्ट्रिप भांडुपहून आणली.

दुसरा संशय लॅबवर. दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिलं. वीस आलं.

मग मिठावर, मग पाण्याच्या टाकीवर, मग सुनेने आणलेल्या नव्या कढईवर. श्रुतिका म्हणाली, "बाबा, कढई लोखंडाची आहे. आईंना लोखंडाने काय होणार?" सहदेव म्हणाले, "तेच तर शोधतोय." चार दिवस निघून गेले. रुक्मिणी खिडकीपाशी शाल पांघरून बसायची आणि त्यांची धावपळ बघायची.

"कित्याक जीव काढतास? येयत कमी. नायतर जायन."

"खय जातलंस?"

"खय म्हणजे? सगळी जातत थयच."

सहदेव उठून कढई पुन्हा एकदा तपासायला गेले.

पाचव्या दिवशी ते भीमराज खंडागळ्यांकडे गेले. खंडागळे तळमजल्यावर राहायचे, मूळचे परभणीकडचे, ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रातून निवृत्त. त्यामुळे कुणाचा मिक्सर बिघडला किंवा दाढ दुखली तरी सोसायटी त्यांचा सल्ला घेई. खंडागळे प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत आणि ती कुणी ऐकत नसे.

"सहदेवराव, मी तिथं बस चालवायचो. साहेब लोकांची. अणूचा आणि माझा संबंध फाटकापर्यंतच."

"ते असू द्या. थायरॉइड कशाने बिघडतं?"

"आता हे मला काय माहीत?" खंडागळे थांबले. मग डोकं खाजवत म्हणाले, "एक आहे. आमच्यात कवायत व्हायची. अपघात झाला तर काय करायचं, ती. ड्रायव्हरांनाही बसवायचे. तेव्हा सांगितलं होतं, आयोडीनच्या गोळ्या देणार. का, तर आयोडीन पोटात गेलं की ते सरळ गळ्यातल्या त्या गाठीत जाऊन बसतं. दुसरीकडं कुठं जातच नाही. त्या गाठीला आयोडीनची लई हाव. कमी पडलं तरी बिघडते आणि जास्त झालं तरी बिघडते, असं तो मास्तर बोलला होता. मी झोपलो होतो निम्मा, पण एवढं ऐकलं."

"आयोडीन कशात असतं? मिठात?"

"मिठात घालतात हो. मुळात ते समुद्रातलं. समुद्रात जे उगवतं ना, त्यात."

सहदेव उठून उभे राहिले. समुद्रात जे उगवतं ते त्यांच्या घरात जूनपासून उगवत होतं.

जिना चढताना त्यांना सगळं दिसलं. कोवळी पोर, आजीची लाडकी. आजोबांनी जप्त केलं म्हणून चिडलेली. आजीला चोरून भरवते. 'घे गं आजी, हेल्दी आहे.' आणि आजी बापडी नातीचं मन मोडायचं नाही म्हणून खाते. इतक्या वर्षांत त्यांच्या टेबलावरून काही सुटलं नव्हतं आणि सुटलं ते आपल्याच घरात, आपल्याच रक्ताकडून!

जान्हवी नुकतीच कॉलेजातून आली होती. रुक्मिणी खाटेवर बसून लसूण सोलत होती.

"जान्हवी, खरं सांग. आजीला शेवाळ किती दिलंस?"

"काय?"

"ते कोरियाचं. जूनपासून. किती दिलंस?"

"आजोबा, वेडे झालात का? मलाच मिळत नाही! मी आणते आणि तुम्ही ओढून घेता. महिन्यात दोन पुड्या माझ्या पोटात गेल्या असतील तर शपथ."

"खोटं बोलू नकोस. तुझ्या आजीच्या जिवावर बेतलंय."

हे ऐकून जान्हवीचा चेहरा पडला. तिला टीएसएच माहीत होता. शेवाळाचा त्याच्याशी काही संबंध असेल हे माहीत नव्हतं. ती आजीकडे वळली. "आजी, मी तुला दिलं कधी? सांग ना यांना. एकदा तरी?"

"नाय गो बाय," रुक्मिणी शांतपणे म्हणाली. "तू नाय दिलंस."

"ऐकलंत?" जान्हवी म्हणाली.

"मग कोणी दिल्यान?"

रुक्मिणीने लसणाची पाकळी वाटीत टाकली. "तुमी."

सहदेवांनी मागे वळून पाहिलं, मागे कुणी नव्हतं.

"मी?"

"नाय तर कोण? रोज हाडून हातात देत होतास ना."

"मी टाकूक सांगलंय!"

"अन्न खय टाकतत?" रुक्मिणीने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या नव्या माणसाकडे बघतात. "नवाकोरां, उष्टां नाय. पैसे घालून पोरीन हाडलेलां. तां कचऱ्यात टाकू? माझ्या आवशीन माका असला शिकवूक नाय. सकाळी गोळी घेतलंय की पेजेवांगडा खाय होतंय. श्रावणात मासो बंद, जिभेक चव नाय, आणि ह्येचो वास बघा तर सुक्या बांगड्याचो. आणि वर हिरवो ठिपको! मी म्हटलां, देव पावलो."

"आजी!" जान्हवी कपाळाला हात लावून हसायला लागली आणि मध्येच थांबली, कारण आजोबांचा चेहरा पांढरा पडला होता.

सहदेव खुर्चीवर बसले. लाल क्रेट कुठे जातं, हे तेहतीस वर्षांत त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"माका सांगूक नाय?" ते हळूच म्हणाले.

"विचारलात कधी?"

दुसऱ्या दिवशी तिघंही क्लिनिकमध्ये. सहदेवांनी कॅलेंडर भिंतीवरून काढून गुंडाळी करून बरोबर आणलं होतं. डॉक्टर सामंतने तारखा पाहिल्या, 'शे.' मोजले, आणि बराच वेळ खालचा ओठ चावत बसली. हसू दाबायचं असेल, असं जान्हवीला वाटलं.

"एकेचाळीस," ती म्हणाली. "काका, इतकी व्यवस्थित माहिती मला कुठलाच पेशंट देत नाही."

"विषारी आहे ना हे?" सहदेवांनी विचारलं. "तसं लिहून द्या. मी सोसायटीच्या बोर्डावर लावतो."

"विषारी नाही हो. जान्हवीसारख्या धडधाकट मुलीने अधूनमधून एक पुडी खाल्ली तर काही बिघडत नाही. वेफर्सपेक्षा तेल कमीच. मीठ बऱ्यापैकी असतं, तेवढं बघायचं. कुठल्या समुद्रातलं आहे यावर त्यात नको ते धातूही सापडू शकतात, म्हणून रोज भाकरीसारखं खाऊ नये. पण काकूंची गोष्ट वेगळी. यांचं थायरॉइड आधीच आजारी. त्याच्यावर रोज आयोडीनचा मारा झाला की ते कामच बंद करतं. आणि किती आयोडीन आहे ते पुडीवर बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं."

"बघ!" सहदेव जान्हवीला म्हणाले. "स्टिकर!"

"आणि काकू, गोळी घेतल्यावर लगेच पेज?"

"लगेच म्हणजे, गरम असता तवा."

"अर्धा-पाऊण तास थांबायचं. गोळी पोटात नीट लागलीच नसेल. म्हणजे सगळा दोष शेवाळाचाच असेल असंही मी छातीठोक सांगत नाही. दोन्ही मिळून झालं असेल. आता असं करू. गोळी पन्नासचीच ठेवू. शेवाळ बंद, पेज उशिरा. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त. मधे छातीत धडधडलं, दम लागला, तर लगेच या." तिने लिहिता लिहिता मान वर केली. "एक राहिलं. यात प्रकार असतात. पातळ, काळं-हिरवं कागदासारखं असतं त्यात आयोडीन त्या मानाने कमी. जाड, तपकिरी पट्ट्या असतात त्यांत कितीतरी पटींनी जास्त. काकू, तुम्ही कुठलं खाल्लंत?"

"दोनय," रुक्मिणी म्हणाली. "पातळ तोंडात घातलां की गेलां. जाडां चावूक बरां."

"जाडं?" जान्हवी म्हणाली. "मी जाडं कधीच आणलं नाही. मला ते आवडतच नाही."

सहदेव कॅलेंडरची गुंडाळी करत होते. ती नीट होईना.

"आजोबा?"

"त्याची पडताळणी करावी लागेल," सहदेव म्हणाले.

सहा आठवडे सहदेवांनी रुक्मिणीला गोळी दिली आणि पाऊण तास घड्याळाकडे बघत समोर बसले. पेज निवायची. "निवली, मेल्याची पेज," असं ती रोज म्हणायची आणि निवलेलीच जेवायची. पहिल्या पंधरवड्यात फरक दिसला नाही. सहदेवांची भूक गेली. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी तिने स्वतः उठून पंखा लावला आणि ते पंख्याखाली उगाच दहा मिनिटं उभे राहिले. सहा आठवड्यांनी आकडा आला, पाच पूर्णांक दोन. डॉक्टर म्हणाली, उतरतोय, गोळी वाढवायची गरज नाही, पुढच्या वेळी आणखी खाली येईल. रुक्मिणी म्हणाली, "आता बांगडे हाडा. ताजे. आणि उलटे करून बघीत बसा नको, मासो दोनय बाजूंनी सारखोच असता."

ते बांगडे घेऊन आले, ते तपासून झाले, आणि जेवणानंतर सहदेवांनी कोरा कागद काढून प्रकरणाचा अहवाल लिहिला. डॉक्टरांच्या फायलीत लावायला. त्यात त्यांनी नमूद केलं की सदर पदार्थ नातीमार्फत घरात दाखल झाला. तो वेळोवेळी जप्त करण्यात आला. विल्हेवाटीच्या टप्प्यावर अनवधानाने त्रुटी राहिली. तपासणीत कोणतीही कसूर आढळून आली नाही.

एकेचाळीसपैकी चौदा पुड्या जान्हवीने आणलेल्या नव्हत्या. माल एकाच ठिकाणचा बघून निकाल देऊ नये म्हणून त्या सहदेवांनी नमुन्यादाखल घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवलीच्या दुकानांतून स्वतः विकत आणल्या होत्या, आणि त्या सगळ्या जाड पट्ट्यांच्या होत्या.